लढाऊ विमानांचा ताफा : प्रश्न विमानाचा नव्हे, धोरणाचा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ या विमानाला भारतीय हवाई दलाने निरोप दिला. ज्या चंदीगडला १९६३ साली या विमानाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेथेच बासष्ट वर्षांनंतर त्याची सेवा समाप्त झाली. समारंभ यथासांग पार पडला. परंतु समारंभ आटोपल्यावर जे आकडे मागे राहिले ते अस्वस्थ करणारे आहेत. हवाई दलाला मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रनची संख्या ४२ आहे. त्या दिवशी हाती उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये १६ ते १८ विमाने असतात, असे धरले तर दोनशेहून अधिक विमानांची ही तूट आहे.

तूट दिसू लागली की भांडवलदारी वृत्तपत्रांत एकच चर्चा सुरू होते : कोणते विमान घ्यावे? फ्रान्सचे, अमेरिकेचे की रशियाचे? कोणाचा वेग अधिक, कोणाचे क्षेपणास्त्र लांब पल्ल्याचे? प्रश्न अशा रीतीने मांडला की त्याचे उत्तर विक्रेत्याच्या दुकानातच शोधावे लागते. वस्तुतः प्रश्न एका विमानाच्या निवडीचा नाहीच. प्रश्न आहे तो ताफ्याच्या रचनेचा : कोणत्या कामासाठी कोणत्या प्रकारची, किती, कोठे बनलेली आणि कोणी दुरुस्त करावयाची विमाने असावीत, याचा. आणि हा प्रश्न केवळ सेनापतींचा व तज्ज्ञांचा नाही. या ताफ्याचा खर्च कष्टकरी जनता उचलते, तो कामगार बनवतात, आणि त्याच्या रचनेतील चुकांची किंमत तरुण वैमानिक प्राणांनी मोजतात.

ताफ्याची कामे कोणती?

लढाऊ विमानांना ढोबळमानाने तीन कामे करावी लागतात. पहिले, स्वतःच्या आकाशाचे रक्षण. शत्रूचे विमान येताच काही मिनिटांत उड्डाण करून त्याला अडविणे. यासाठी विमाने पुष्कळ तळांवर, पुष्कळ संख्येने लागतात. प्रत्येकाचा पल्ला फार मोठा नसला तरी चालते. दुसरे काम, रणांगणावरील भूदलाला साहाय्य. तिसरे, दूरवर जाऊन जड शस्त्रांचा मारा करणे. या तिसऱ्या कामाला दोन इंजिनांचे, मोठ्या इंधनसाठ्याचे, जड विमान लागते.

आजचे विक्रेते म्हणतात की आमचे एकच विमान तिन्ही कामे करते. ते खोटे नाही. परंतु अर्धेच सत्य आहे. असे विमान अतिशय महाग असते, आणि तिजोरीतील रक्कम ठरलेली असल्यामुळे विमान जितके महाग तितकी त्याची संख्या कमी. कितीही सामर्थ्यवान असले तरी एक विमान एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते. पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत पसरलेल्या सरहद्दीवर दोन तळांवरची थोडी उत्तम विमाने सर्वत्र पहारा देऊ शकत नाहीत. म्हणूनच जगातील मोठ्या हवाई दलांनी थोडी जड व महाग विमाने आणि त्यांच्या जोडीला पुष्कळ हलकी व स्वस्त विमाने असे मिश्रण दीर्घकाळ वापरले. अमेरिकेने १९७० च्या दशकात जड एफ-१५ च्या जोडीला हलके एफ-१६ उभे केले. सोव्हिएत संघाने सुखोई-२७ च्या जोडीला मिग-२९ घडविले. तत्त्व एकच : बैल दोन असले तरी चालतात, पण नांगर सगळ्या शेतात फिरला पाहिजे.

शिवाय विमान एकटे लढत नाही. त्याला आकाशातून पाहणारे रडार-विमान लागते, हवेतच इंधन देणारे टाकीविमान लागते. एवढ्या मोठ्या देशाच्या हवाई दलाकडे स्वतःची इंधनवाहू विमाने सहाच आहेत. नव्या लढाऊ विमानांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. या सहा विमानांविषयी क्वचितच कोणी विचारते.

संख्या, प्रकार आणि देखभाल

खरेदीच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी झाकली जाते. कागदावरील विमान आणि उडण्यास सज्ज विमान यांत फरक असतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मधील अहवालात नमूद केले की सुखोई-३० विमाने सज्ज असण्याचे विहित प्रमाण ७५ टक्के असताना प्रत्यक्षात ते ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात होते. याचा अर्थ साध्या हिशोबाने समजून घेता येईल. १८ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये ७५ टक्के सज्जता असेल तर १३ विमाने उडतात. ५५ टक्के असेल तर दहादेखील उडत नाहीत. सुमारे २६० सुखोई विमानांची सज्जता २० टक्क्यांनी वाढली तर आणखी ५२ विमाने उपलब्ध होतात. म्हणजे एकही नवे विमान विकत न घेता जवळजवळ तीन स्क्वाड्रन मिळतात. हे सुटे भाग, हत्यारे व कुशल कामगार यांतून साधते. त्यात समारंभ नसतो, दलालीही नसते. कदाचित म्हणूनच त्याकडे लक्ष कमी जाते.

दुसरा मुद्दा प्रकारांचा. आज हवाई दलाकडे सुखोई-३०, राफेल, मिराज-२०००, मिग-२९, जग्वार आणि तेजस असे सहा प्रकार आहेत. प्रत्येक प्रकारासाठी वेगळे सुटे भाग, वेगळी चाचणी-उपकरणे, वेगळी शस्त्रे, वेगळे प्रशिक्षण. ज्या ब्रिटन व फ्रान्सने जग्वार बनविले, त्यांनी ते केव्हाच मोडीत काढले. भारत मात्र आजही ते उडवीत आहे. साहजिकच त्याचे सुटे भाग इतर देशांनी बाजूला टाकलेल्या विमानांतून गोळा करण्याची पाळी आली.

मग सर्व ताफा एकाच प्रकारचा करावा काय? तेही घातक ठरेल. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याजवळ एक सुखोई-३० कोसळले. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाविषयी शंका निर्माण झाल्यामुळे या प्रकारची देशभरातील सुमारे २०० विमाने महिनाभर जमिनीवर उभी राहिली. त्या काळात लढाऊ शक्तीचा जवळपास एक तृतीयांश भाग निरुपयोगी झाला होता. म्हणजे प्रकार फार असले तर देखभाल कोलमडते, आणि एकच असला तर एका दोषाने सारा ताफा बसतो. योग्य मिश्रण या दोन धोक्यांच्या मध्ये शोधावे लागते : हलक्या, मध्यम व जड अशा प्रत्येक वर्गात एकच प्रमुख प्रकार, आणि तोही शक्य तितका देशात घडणारा.

इतिहासाची साक्ष

भारताच्या ताफ्याची रचना मात्र अशा विचाराने क्वचितच झाली. स्वातंत्र्यानंतरची पहिली दीड दशके ब्रिटिश व फ्रेंच विमानांची होती. १९६५ च्या युद्धात अमेरिका व ब्रिटन यांनी भारत व पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबविला. त्या वेळी भारताच्या ताफ्यात हंटर, नॅट व कॅनबेरा ही ब्रिटिश बनावटीची विमाने प्रमुख होती. विक्रेता युद्धाच्या ऐन वेळी हात आखडता घेतो, हा पहिला धडा होता.

त्याआधीच, १९६२ साली, सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला होता. त्याचे महत्त्व विमानाच्या वेगापुरते नव्हते. विमानाबरोबर उत्पादनाचा परवानाही मिळाला, आणि पैसे रुपयांत चुकते करावयाचे होते. नाशिकजवळ ओझर येथे विमानाचा सांगाडा, ओरिसात कोरापुट येथे इंजिन आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक उपकरणे असे तीन कारखाने उभे राहिले. ज्या भागांत मोठा उद्योग नावालाही नव्हता तेथे विमान-कामगारांची पिढी घडली. सार्वजनिक क्षेत्राची ही कामगिरी कोणालाही नाकारता येणार नाही.

पण तिची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परवान्यावर उत्पादन करणे आणि स्वतः आराखडा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परवान्याने विमान कसे जोडावे हे कळते; ते तसे का घडविले, हे कळतेच असे नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला तेव्हा मिगच्या सुट्या भागांसाठी भारताला निरनिराळ्या नव्या देशांचे दरवाजे ठोठवावे लागले. मित्रदेशावरील अवलंबन हेही अखेर अवलंबनच असते.

स्वतःचा आराखडा करण्याचा प्रयत्न भारताने अगदी लवकर केला होता. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला मरुत हे विमान घडले. १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले आणि १९६७ मध्ये ते हवाई दलात आले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चांगली कामगिरी बजावली. परंतु ज्या वेगासाठी त्याचा सांगाडा आखला होता तो वेग देणारे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही. दीडशेच्या आत विमाने बनून हे पर्व संपले. त्याहून मोठे नुकसान असे की आराखडा करणाऱ्यांची जी मंडळी तयार झाली होती, त्यांना पुढचे विमान मिळाले नाही. विद्येचा धागा तुटला.

न घेतलेल्या विमानाची किंमत

ताफ्याच्या मिश्रणात एक विमान असे असते की ज्याची गणना लढाऊ विमानांत होत नाही, पण ज्याच्यावाचून लढाऊ विमान मारक ठरते ते स्वतःच्याच वैमानिकाला. ते म्हणजे प्रगत प्रशिक्षण-विमान. संथ गतीच्या किरण विमानावर शिकलेला विशीतला तरुण थेट मिग-२१ मध्ये बसविला जात होता. हे विमान उतरतानाही अतिशय वेगात असे आणि चूक क्षमा करीत नसे. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने मधल्या टप्प्याच्या प्रशिक्षण-विमानाची निकड दाखवून दिली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती सेवेत आली २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली.

या काळात काय घडले? तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे तोपर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. सर्वच अपघात प्रशिक्षणाच्या अभावी झाले असे म्हणणे चूक ठरेल. कोठे यंत्र बिघडले, कोठे पक्षी आदळले, कोठे देखभाल अपुरी पडली. परंतु ज्या देशात हजारो कोटींची विमाने घेताना निर्णय एका परदेश दौऱ्यात होतो, तेथे मुलांना शिकविण्याच्या विमानासाठी पाव शतक लागते, हे सत्य उरतेच. वर्तमानपत्रांनी मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हटले. दोष यंत्रावर टाकणे सोपे होते. दोष त्या यंत्राला निवृत्तीच्या वयानंतरही राबविणाऱ्या धोरणाचा होता.

१२६ चे ३६

मिग-२१ निवृत्त होणार हे अनेक वर्षे आधीच ठाऊक होते. २००७ मध्ये १२६ मध्यम विमानांसाठी निविदा काढण्यात आल्या. हिशोब सरळ होता : १८ विमानांच्या सात स्क्वाड्रन. त्यांपैकी १८ तयार स्थितीत घ्यावयाची आणि १०८ सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान एरोनॉटिक्सने देशात बनवावयाची. पण स्पर्धेत काय दिसले? एका इंजिनाची आणि दोन इंजिनांची, हलकी आणि जड अशी सहा विमाने एकाच रांगेत उभी करण्यात आली. गरज होती पुष्कळ हलक्या विमानांची जागा भरण्याची. निवड झाली ती महागड्या राफेलची. येथेच ताफ्याचा विचार हरवला.

पुढचा प्रसंग सर्वांना स्मरत असेल. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधानांनी पॅरिस येथे ३६ तयार राफेल घेण्याची घोषणा केली. २३ सप्टेंबर २०१६ रोजी शस्त्रे, सुटे भाग व इतर सेवांसह ७.८७ अब्ज युरोंचा, म्हणजे सुमारे ५९,००० कोटी रुपयांचा करार झाला. १०८ विमानांच्या देशी उत्पादनाची योजना बारगळली. डाव्या पक्षांनी संयुक्त संसदीय समितीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या.

न्यायालयीन वाद तेथे संपला, पण ताफ्याचा प्रश्न संपला नाही. सात स्क्वाड्रनची गरज दोन स्क्वाड्रननी भागत नाही. ही दोन्ही स्क्वाड्रन अंबाला व हाशिमारा येथे आहेत. विमान निःसंशय उत्तम आहे. परंतु थोड्याशा विमानांसाठी एक संपूर्ण नवी देखभाल-व्यवस्था उभारावी लागली, आणि हवी असलेली उर्वरित पाच स्क्वाड्रन विमाने कोठून येणार याचे उत्तर मिळाले नाही. २०१८ मध्ये सरकारने पुन्हा नव्याने सुमारे ११० विमानांसाठी जगभरच्या कंपन्यांकडून माहिती मागविली. फिरून पुन्हा तेच दुकान.

इंजिन : परावलंबनाचे मूळ

मिग-२१ च्या जागी यावयाचे खरे विमान वेगळेच होते. हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला. पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६ रोजी उभी राहिली. हेच ते तेजस. मरुतनंतर तुटलेला धागा पुन्हा जोडताना किती वर्षे खर्ची पडतात, हे या तारखांवरून दिसते. मध्ये १९९८ च्या पोखरण स्फोटांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि विमानाच्या नियंत्रण-प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना परतावे लागले. ते काम येथील शास्त्रज्ञांनी पुरे केले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये सुरू झाला. २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला. तेजसमध्ये अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकचे इंजिन आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ सुधारित तेजस मागविण्यात आली, ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला. पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. विमाने ठरलेल्या मुदतीत हवाई दलाला मिळाली नाहीत. उशिराचे कारण केवळ इंजिन नव्हते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या व्यवस्थापनाची कूर्मगती, चाचण्यांतील विलंब, हवाई दलाच्या वाढत गेलेल्या अपेक्षा, हे सारे त्यात आहे. सार्वजनिक क्षेत्राचे समर्थन करावयाचे तर त्यातील उणिवा झाकून ते करता येणार नाही. तथापि मरुत आणि तेजस यांच्यातील साठ वर्षांचा सारांश एका वाक्यात मावतो : ज्याच्या हाती इंजिन, त्याच्या हाती ताफा. मे २०२५ च्या संघर्षानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस सुमारे ६२,००० कोटी रुपयांना मागविण्यात आली. हलक्या विमानाचा पाया रुंदावण्याचे हे पाऊल योग्यच आहे; पण त्यांचेही इंजिन परदेशीच असणार आहे.

कौशल्य गोदामात साठत नाही

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यात जोडलेल्या पहिल्या सुधारित तेजसने उड्डाण केले. ज्या आवारात मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० घडले, तेथेच आता हे विमान घडू लागले. पण मधल्या काळात सुखोईच्या मागण्या संपत आल्या तेव्हा या कारखान्यापुढे कामच नसण्याची चिंता उभी राहिली होती. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोईंची नवी मागणी आली. एकदा दुष्काळ, एकदा पूर, अशा पद्धतीने विमान-उद्योग चालत नाही. पत्रा अचूक वळविणारा, वायरिंग तपासणारा, इंजिनाचे पाते घासणारा कामगार दहा-पंधरा वर्षांत घडतो. काम थांबले की तो निवृत्त होतो किंवा दुसरीकडे जातो. त्याचे कौशल्य कोणत्याही गोदामात साठविता येत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वेतनकराराच्या प्रश्नावर बंगलोरपासून नाशिक, कोरापुटपर्यंत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे कामगार संपावर गेले. त्यांना देशद्रोही ठरविण्याचा प्रयत्न झाला. २०२१ मध्ये तर अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करून या क्षेत्रातील संपावर बंदी घालण्याचे अधिकार सरकारने घेतले. विमानाच्या सुट्या भागांना मोल आहे. भाग घडविणाऱ्या हातांना नाही, असा हा न्याय आहे.

मागणी काय असावी?

या विवेचनातून काही मागण्या स्पष्टपणे पुढे येतात.

एक : ताफ्याचा पाया देशात आखलेल्या व देशात बनलेल्या हलक्या विमानाचा असावा. त्याची मागणी तुकड्यातुकड्याने नव्हे, तर पंधरा-वीस वर्षांचा आराखडा ठरवून नोंदवावी. जड विमान मर्यादित संख्येने ठेवून त्याची सज्जता वाढवावी.

दोन : प्रकारांची संख्या कमी करावी. प्रत्येक नव्या परदेशी विमानाच्या प्रस्तावाबरोबर त्याच्या चाळीस वर्षांच्या देखभालीचा हिशोब संसदेच्या स्थायी समितीपुढे यावा.

तीन : इंजिनाच्या संशोधनाला विमान-खरेदीच्या बरोबरीचे स्थान व सातत्याचा निधी मिळावा. एका अपयशाने प्रकल्प गुंडाळण्याची जुनी चूक पुन्हा होऊ नये.

चार : प्रशिक्षण-विमाने व इंधनवाहू विमाने यांना उरलेल्या पैशांतून नव्हे, तर आधी तरतूद व्हावी.

पाच : सार्वजनिक कारखान्यांचे भाग विकणे व काम खाजगी कंपन्यांकडे वळविणे थांबवावे, कंत्राटी कामगारांना कायम करावे.

शेवटी एक गोष्ट. शस्त्रस्पर्धेला कम्युनिस्ट चळवळीचा विरोध आहे, आणि तो योग्य आहे. शेजारी देशांशी वाटाघाटी व सलोखा यांनी जितके विमानांचे ओझे हलके होईल तितके कोणतेही विमान करू शकणार नाही. परंतु जोवर हवाई दल आवश्यक आहे, तोवर ते कोणाच्या मर्जीवर चालावे, हा प्रश्न साम्राज्यवादविरोधाचाच एक भाग आहे. वॉशिंग्टनमधून इंजिन येईपर्यंत ज्या देशाचे विमान उडत नाही, त्या देशाच्या परराष्ट्र धोरणालाही मोकळेपणाने उडता येत नाही. चंदीगडहून निवृत्त झालेल्या विमानाबरोबर ज्या वैमानिकांची आठवण राहिली आहे, त्यांना श्रद्धांजली समारंभांनी पुरी होणार नाही. पुढच्या पिढीच्या वैमानिकाला योग्य वेळी, योग्य विमान, योग्य शिक्षणानंतर मिळणे हीच ती श्रद्धांजली होय.